गांधर्व महाविद्यालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाण्याच्या क्लासला मुलाचं नाव घालताना, परीक्षेचा फॉर्म भरताना किंवा जुन्या ध्वनिमुद्रिकेवरचं नाव वाचताना लोकांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः या परीक्षा देत विशारदपर्यंत पोचलो आणि पुढे बरीच वर्षं शिकवलंही. त्यामुळे काही उत्तरं माहितीची आहेत आणि काहींत माझं मत मिसळलेलं आहे. ते कुठे मिसळलंय ते वाचताना कळेलच.

गांधर्व महाविद्यालय नेमकं कुठे आहे?

एका जागी नाही, आणि पहिला घोळ इथेच होतो. पुण्यात एक आहे, दिल्लीत एक आहे, वाशीला मंडळाचं संकुल आहे, आणि गावोगावी घराच्या पुढच्या खोलीत चालणाऱ्या क्लासवरही ‘गांधर्व महाविद्यालय संलग्न’ अशी पाटी दिसते. सगळ्यांचं मूळ एक असलं तरी कारभार वेगवेगळा आहे. पुण्याचं विद्यालय विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 साली काढलं. दिल्लीचं 1939 साली विनयचंद्र मौद्गल्य यांनी सुरू केलं. परीक्षा घेणारी संस्था आणखी वेगळी. तिचं नाव अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. तुमच्या मुलाचं प्रमाणपत्र येतं ते या मंडळाकडून.

मग मूळ शाळा कुठली?

लाहोरची. 5 मे 1901 रोजी विष्णू दिगंबर पलुसकरांनी तिथे गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा मुलगा, मिरजेत गाणं शिकलेला, आणि शाळा काढतो थेट पंजाबात! मराठी माणूस घर सोडत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मिरज सोडून ते गेलेच का?

पलुसकरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 चा. लहानपणी फटाक्याच्या अपघातात डोळे अधू झाले आणि शाळेचं शिक्षण अवघड होऊन बसलं. वडिलांच्या कीर्तनामुळे कान तयार होताच, म्हणून त्यांना मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवण्यात बुवांचा वाटा फार मोठा. मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय होता, तालीम कडक होती, म्हणजे तसं सगळं चांगलं चाललं होतं.

पुढची हकिकत अशी सांगतात की गावातल्या एका समारंभाचं बोलावणं विष्णू दिगंबरांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. चौकशी केल्यावर उत्तर मिळालं ते साधारण असं, की तुमची गोष्ट वेगळी, तुमच्यावर महाराजांची मर्जी. बाकी गवयांना कोण बोलावतं? या हकिकतीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. पण त्या काळी गवयाला समाजात काय जागा होती, हे त्यातून नेमकं कळतं. गाणं ऐकायला सगळ्यांना हवं असायचं, पण गाणाऱ्याला पंगतीत कुणी बसवत नसे. 1896 साली त्यांनी मिरज सोडलं.

नंतरची पाच वर्षं भटकंतीची. औंध, सातारा, बडोदा असं करत ते सौराष्ट्रात पोचले. तिथे त्यांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तोवर गाणं ऐकायचं तर दरबारात, देवळात, नाहीतर कोठ्यावर आणि धनिकाच्या दिवाणखान्यात. खिशातून पैसे काढून कुणालाही आत जाता येईल अशी मैफल तेव्हा नवलाची होती. पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर. मथुरेला राहून ते ब्रजभाषा शिकले, कारण चिजांचे, म्हणजे रागात बांधलेल्या गाण्यांचे, शब्द समजून गायचे होते. (चिजेचे शब्द समजून गाणारे आजही सापडतात, पण शोधावे लागतात.)

तरी लाहोरच का?

माझ्या मते कारण सरळ आहे. पंजाबात तेव्हा आर्य समाजाची चळवळ जोरात होती. शाळा-कॉलेजं काढण्याचा उत्साह होता आणि शिकलेला मध्यमवर्ग वर्गणी द्यायला तयार होता. जालंधरला हरिवल्लभ संगीत मेळ्याची परंपराही होती. नव्या संस्थेला लागणारी माती तिथे होती. दक्षिणेतला एक गवई, वर्गात बसवून गाणं शिकवणार, फीची पावती देणार, पदवी देणार, ही कल्पना लाहोरात पचली. तीच मिरजेत काढली असती तर लोक हसले असते.

ही देशातली पहिली संगीतशाळा होती का?

नाही. हे वाक्य भाषणांत सर्रास ठोकून दिलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुंबईत पारशी मंडळींनी 1870 साली गायन उत्तेजक मंडळी काढली होती. पुण्यात 1874 साली गायन समाज निघाला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1886 साली उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली. मौलाबक्षांनी तर स्वतःची स्वरलिपीही बसवली होती. म्हणजे वर्गात बसवून शिकवणं, स्वर लिहून काढणं, यातलं काहीच 1901 साली आकाशातून पडलं नाही.

मग लाहोरचं वेगळेपण कशात? राजाच्या खजिन्यावर अवलंबून न राहता, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या कमाईवर शाळा चालवायची, हा पलुसकरांचा आग्रह होता. बडोद्याच्या शाळेमागे महाराज होते. इथे महिनाअखेरीला खर्चाची तोंडमिळवणी करायला स्वतः पलुसकरबुवाच दौऱ्यावर निघत. दुसरी गोष्ट अशी की ही शाळा नुसते विद्यार्थी घडवत नव्हती, नव्या शाळा काढणारी माणसं घडवत होती. माझ्या दृष्टीने त्यांचं खरं काम हे दुसरं.

त्याआधी लोक गाणं शिकत कसे?

गुरूच्या घरी राहून. पाणी भरायचं, लाकडं फोडायची, पाय चेपायचे आणि गुरूची लहर लागेल तेव्हा पदरात पडेल ते घ्यायचं. गंडा बांधला, म्हणजे गुरूने मनगटाला दोरा बांधून रीतसर शिष्य केलं, तरी खास चिजा घराण्याबाहेर जात नसत. खुद्द बाळकृष्णबुवांनी गाण्यासाठी केलेली पायपीट आणि सोसलेले हाल हा मराठी संगीतातला एक दंतकथा होऊन बसलेला अध्याय आहे.

या पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांना मी एकच विचारतो: तुमच्या मुलीला कोणत्या गुरूने घरात ठेवून घेतलं असतं? घरंदाज म्हणवणाऱ्या बाईने गाणं शिकणं हीच मुळात बदनामी होती. जी गात होती तिला समाज घरंदाज मानत नव्हता. नोकरी करून संध्याकाळी तासभर शिकू पाहणाऱ्या कारकुनालाही त्या व्यवस्थेत जागा नव्हती. वेळापत्रक, फी, वर्ग, इयत्ता या रुक्ष गोष्टींनी ती जागा करून दिली. पलुसकरांच्या शाळेत बायकांच्या शिक्षणाची वेगळी सोय होती आणि त्यांच्यासाठी वेगळी पुस्तकंही निघाली.

पण गुरूच्या घरात जे मिळायचं ते वर्गात मिळत नाही, हेही खरंच. गुरू स्वयंपाकघरातून गुणगुणत जातो, त्यात एखादी अशी जागा येते की ती कुठल्या पुस्तकात सापडत नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेत कुणी गुणगुणत नाही.

लाहोरच्या शाळेत शिकवत कसं?

अभ्यासक्रम ठरवून, पुस्तकं छापून. सोप्या स्वरालंकारांपासून सुरुवात, मग सरगम, मग छोटी चीज, मग राग क्रमाक्रमाने. बुवांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, छापखाना घातला, ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ अशी क्रमिक पुस्तकं काढली, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचं मासिकही चालवलं.

बाहेरून येऊन शिकणाऱ्यांखेरीज एक ‘उपदेशक वर्ग’ होता. त्यातली मुलं शाळेतच राहत. खाणंपिणं, कपडे, शिक्षण सगळं बुवांकडे. बदल्यात ठरावीक वर्षं शिकायचं आणि संस्थेसाठी राबायचं असा करार. दिवस पहाटेच्या रियाजाने सुरू होई. शिस्त फौजेतली! म्हणजे गंमत बघा, दर्शनी भागात आधुनिक शाळा आणि मागच्या अंगाला जुनं गुरुकुल. पुढे नावारूपाला आलेले बहुतेक शिष्य या मागच्या अंगातून बाहेर पडले. ‘वर्गात शिकून कुणी गवई झालाय का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे.

मुलाच्या वहीत स्वरावर टिंब आहे. तो स्वर खालचा की वरचा?

आधी विचारा, वही कुठल्या पद्धतीची. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, वरचं, आणि पायाशी टिंब म्हणजे मंद्र, खालचं. पलुसकर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ! तीच खूण, उलटा अर्थ. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, खूण भातखंड्यांकडे फुली आणि खालीची, म्हणजे टाळी न देता हात नुसता हलवायच्या मात्रेची, शून्य. पलुसकरांकडे सम म्हणजे 1 आणि खाली म्हणजे अधिकचं चिन्ह. कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुसकर पाय मोडल्यासारखी तिरकी.

एका पद्धतीची वही आणि दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक घेऊन बसलेलं मूल मंद्र निषादाऐवजी तार निषादावर किंचाळताना मी ऐकलेलं आहे. दोष त्याचा नव्हता.

पलुसकर लिपीत मात्रेचे अर्धे, पाव, अष्टमांश भाग वेगवेगळ्या खुणांनी दाखवता येतात, त्यामुळे ती जास्त काटेकोर आहे. पण लिहायला आणि छापायला किचकट. भातखंड्यांची लिपी सोपी, म्हणून तीच जास्त पसरली. आणि दोन्हींत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), कण (स्वराला दिलेला दुसऱ्या स्वराचा हलका स्पर्श), आंदोलन (स्वराचं झुलणं) यांचा जीव पकडता येत नाही तो नाहीच. लिपी आठवणीला टेकू देते, एवढंच तिचं काम.

भातखंडे आणि पलुसकर एकाच संस्थेचे का?

मुळीच नाही. दोघांचं पहिलं नाव विष्णू, दोघे मराठी, दोघांनी संगीतशिक्षणाला वाहून घेतलेलं. साम्य इथे संपतं.

विष्णू नारायण भातखंडे (1860–1936) वकील होते, मुंबईचे. देशभर फिरून, उस्तादांकडून चिजा गोळा करून त्यांनी शास्त्राची मांडणी केली. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी हे दहा थाट, म्हणजे रागांची वर्गवारी करणारे स्वरांचे साचे, आज पोपटासारखे म्हणतो ती त्यांचीच देणगी. 1916 साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्या पुढाकाराने भरली, आणि 1926 साली लखनौला मॅरिस कॉलेज निघालं. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखलं जातं.

भातखंडे अभ्यासक होते, पलुसकर गवई आणि प्रचारक. भातखंड्यांना प्रश्न पडायचा, की हा राग असाच का? पलुसकरांना पडायचा, की हा राग चार घरांत पोचेल कसा? दोघांचं एकमेकांशी फारसं जमलं नाही. आज मात्र कुठल्याही क्लासमध्ये दोघांचे फोटो शेजारी शेजारी टांगलेले असतात, एकाच हारात. शिकवणंही तसंच मिसळलंय: परीक्षा पलुसकरांच्या परंपरेतल्या मंडळाची आणि थाट भातखंड्यांचे.

बालगंधर्वांचा या शाळेशी काय संबंध?

नावापलीकडे नाही. प्राचीन काळापासून संगीतविद्येला गांधर्ववेद म्हणतात, त्यावरून पलुसकरांनी शाळेचं नाव घेतलं. म्हणून ते ‘गांधर्व’, ‘गंधर्व’ नव्हे. फॉर्मवर निदान एवढं तरी बरोबर लिहा.

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, नाट्यसृष्टीतले. ते गाणं शिकले भास्करबुवा बखल्यांकडे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. कुमार गंधर्व मात्र अप्रत्यक्षपणे इथलेच म्हणायचे, कारण ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले आणि देवधर पलुसकरांचे शिष्य. विनायकबुवा पटवर्धनांनी काही काळ बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत भूमिका केल्या आणि मग रंगभूमी सोडून पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यामुळे गोंधळ व्हायला जागा आहे, हे कबूल.

मुंबईतल्या इमारतीचं काय झालं?

1908 साली पलुसकर मुंबईत आले आणि इथली शाखा लवकरच मुख्य झाली. विद्यार्थी वाढले तशी त्यांनी सँडहर्स्ट रोडला स्वतःची मोठी इमारत बांधली, कर्ज काढून. मैफलींच्या पैशातून ते फिटेल हा हिशेब. तो चुकला. 1920 च्या दशकात इमारतीचा लिलाव झाला आणि मुंबईची शाळा बंद पडली.

बुवा नाशिकला गेले. रामनाम आधार आश्रम काढला आणि उरलेला काळ रामनामात, तुलसी रामायणाच्या प्रवचनांत गेला. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. ज्या गावातून निघाले त्याच गावात.

लाहोरचा जम बसवला तो माणूस मुंबईत पैशाच्या गणितात हरला, ही गोष्ट चरित्रात सहसा हळू आवाजात सांगतात. मला ती महत्त्वाची वाटते. एका माणसाच्या गळ्यावर उभी असलेली संस्था, त्या माणसाचं मन दुसरीकडे वळलं की टिकत नाही. हे शिष्यांनी पाहिलं होतं, आणि पुढची पावलं त्यांनी वेगळी टाकली.

मंडळ कसं निघालं?

गुरू गेले त्याच वर्षी, 1931 साली, शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. एक मोठी शाळा चालवण्याऐवजी अनेक लहान शाळांना एकच अभ्यासक्रम आणि एकच परीक्षा द्यायची, अशी रचना. इमारत असो नसो, शिक्षक आणि विद्यार्थी असले की केंद्र होऊ शकतं. मंडळाचं मिरजेशी असलेलं नातं तुटलं नाही, आणि ‘संगीत कला विहार’ हे मासिकही मंडळाचंच. जुने अंक रद्दीत दिसले तर सोडू नका.

प्रसिद्ध शिष्य कोणते?

ओंकारनाथ ठाकूर, ज्यांनी 15 ऑगस्ट 1947 रोजी आकाशवाणीवरून वंदे मातरम् गायलं आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचा विभाग उभा केला. विनायकबुवा पटवर्धन, तराण्याचे बादशहा, ‘राग विज्ञान’चे कर्ते. नारायणराव व्यास, ज्यांच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत वाजल्या. शंकरराव व्यास. देवधर मास्तर, ज्यांनी 1925 साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं. यादी मोठी आहे.

आणि मुलगा, दत्तात्रेय विष्णू, म्हणजे डी. व्ही. पलुसकर. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा. विनायकबुवा आणि नारायणराव यांच्याकडे शिकला, चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ मेळ्यात गायला. 1952 च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटातल्या जुगलबंदीत उस्ताद अमीर खाँसोबतचा आवाज त्याचाच. 1955 साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. ग्वाल्हेरची गायकी इतकी निर्मळ ऐकायची असेल तर त्याच्या ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करा. मी नव्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात दुसरं काही ऐकायला सांगत नाही.

वंदे मातरम् आणि रामधूनशी त्यांचं नाव का जोडतात?

काँग्रेसच्या अधिवेशनांत पलुसकर वंदे मातरम् गात. 1923 च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली, तरी बुवांनी गाणं पूर्ण केलं. ‘रघुपती राघव राजाराम’ची गांधीजींच्या प्रार्थनेमुळे सर्वतोमुखी झालेली चाल त्यांची, असं श्रेय त्यांना दिलं जातं.

या शाळांनी मुसलमान उस्तादांना बाजूला सारलं, असं म्हणतात. खरं आहे का?

यात तथ्य आहे आणि ते झाकू नये. पलुसकरांनी संगीत प्रतिष्ठित करताना त्याला भक्तीचा पोशाख दिला. शृंगाराच्या चिजांचे शब्द बदलले. तुलसीदास, सूरदास, मीरेची भजनं पुढे आणली. वर्गात प्रार्थना आणली. त्यामुळे मध्यमवर्गीय हिंदू घरांची दारं उघडली. पण ज्यांनी पिढ्यान्पिढ्या ही विद्या सांभाळली ते उस्ताद आणि ज्यांनी ती रंगवली त्या तवायफ या नव्या देवघरात पाहुण्यासारखे झाले.

गंमत म्हणा की खंत म्हणा, पलुसकरांची स्वतःची तालीम कुठून आली? बाळकृष्णबुवांकडून. त्यांना ती मिळाली वासुदेवबुवा जोशींकडून, आणि वासुदेवबुवांना ग्वाल्हेरच्या हद्दू खाँ-हस्सू खाँकडून. आपण ज्या गायकीला अस्सल मराठी वळणाची म्हणतो तिचा धागा असा जातो. आणि उस्ताद शाळांपासून दूर होते असंही नाही. बडोद्यात मौलाबक्ष होतेच, पुण्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय चालवलं. मी वर्गात घराण्याची वंशावळ शिकवतो तेव्हा हद्दू-हस्सूंपासून सुरू करतो.

कॉन्झर्व्हेटरी म्हणतात ती हीच का?

चुलत भावंडं म्हणा. तो शब्द इटलीतून आला. नेपल्समध्ये सोळाव्या शतकात अनाथ मुलांना सांभाळणारे आश्रम होते, त्यांना कॉन्झर्व्हेटोरिओ म्हणत. तिथे मुलांना पोटापाण्यासाठी संगीत शिकवू लागले, आणि हळूहळू आश्रम मागे पडून संगीतशाळा तेवढी उरली. पॅरिसची प्रसिद्ध कॉन्झर्व्हेटरी 1795 ची, राज्यक्रांतीनंतरची. तिकडे वाद्यवृंद लागतो, लिहिलेलं संगीत जसंच्या तसं वाजवणारी शंभर माणसं लागतात, म्हणून शाळा हा त्या संगीताचा कणाच आहे. आपलं गाणं एकट्याचं आणि ऐनवेळी सुचणारं. ते शंभरांच्या तुकडीत शिकवता येत नाही, तरी शाळेशिवाय पसरतही नाही. आपल्या सगळ्या संगीतशाळांची ओढाताण इथे आहे.

परीक्षा किती आणि कोणत्या?

प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण, आणि त्यापुढे अलंकार प्रथम, अलंकार पूर्ण. वर्षातून दोन सत्रं असतात, एक उन्हाळ्यात आणि एक दिवाळीनंतर. गायनाबरोबर तबला, सतार, संवादिनी, कथक, भरतनाट्यम् यांच्याही परीक्षा आहेत. सुरुवातीला नुसतं प्रात्यक्षिक आणि तोंडी, लेखी पेपर पुढे येतात.

दहावीच्या वाढीव गुणांसाठी कोणती परीक्षा चालते, नोकरीत विशारद कशाच्या बरोबरीचं धरतात, हे शासनाच्या आणि त्या त्या संस्थेच्या चालू नियमांवर ठरतं. नियम बदलत असतात, तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय मिळालं त्यावर जाऊ नका.

विशारद झालं की मैफल करता येते का?

नाही. मी विशारद झालो त्या वर्षी मला एका घरगुती बैठकीत यमन गायला बसवलं. पंधराव्या मिनिटाला माझ्याकडचं सगळं संपलं. पुस्तकातले आलाप झाले, पाठ केलेल्या ताना झाल्या, समोरचे लोक अजून मांडी घालून बसलेले. तबलजीने माझ्याकडे पाहिलं आणि समजुतीने लय वाढवली. परीक्षेत मला प्रथम श्रेणी होती.

पलुसकरांच्या नावावर एक बोल सांगतात, की मला तानसेन नाही, कानसेन घडवायचे आहेत. हे शब्द त्यांचेच असोत नसोत, शाळांनी केलं ते हेच. आज संमेलनात पहाटेपर्यंत बसणारा, ‘धैवत जरा चढा लागला’ असं शेजाऱ्याच्या कानात सांगणारा श्रोता कुठून आला? बहुतेक वेळा तो लहानपणी प्रवेशिका पूर्ण करून सोडलेला असतो. ज्यांना गवई व्हायचंय त्यांनी विशारदनंतर, खरं तर त्याच्या बरंच आधी, एक गुरू धरावा आणि त्याच्याकडे घोटत बसावं.

मुलाला कितव्या वर्षी घालावं?

सूर लावून धरता येतो आणि हातावर ताल देता येतो, तेव्हा. सातव्या-आठव्या वर्षी बहुतेकांना जमतं. त्याआधी नुसतं ऐकू द्या.

क्लास चांगला की नाही, कसं ओळखायचं?

दाराबाहेर उभं राहून दहा मिनिटं ऐका. तंबोरा वाजतोय का, मग तो यंत्राचा का असेना? शिक्षक गाऊन दाखवतात, की पेटीचे सूर दाबून मुलांना मागे ओढतात? परीक्षेला दोन महिने असताना फक्त ठरलेले राग घोकून घेणारे वर्ग मी पाहिलेत. अशा एका वर्गातली मुलगी माझ्याकडे आली, मध्यमा पूर्ण झालेली. भूप आणि देशकार यांतला फरक तिने मला अचूक लिहून दाखवला, वादी-संवादी, म्हणजे रागातले मुख्य आणि दुय्यम स्वर, यांसकट. मी दोन्ही गाऊन दाखवले तेव्हा कुठला कुठला ते तिला ओळखता आलं नाही. आम्ही पुन्हा सा पासून सुरुवात केली, आणि सहा महिन्यांनी एके दिवशी ती रेडिओवर काहीतरी ऐकून धावत आली: “सर, आज देशकार लागला होता!”